होडीतली उजवी सीट

१ जून, रविवार. सकाळी ५.५०

नवी डायरी सुरू. डायरी पाटबंधारे खात्याची, चार वर्षांपूर्वीची. पण पानं कोरी आहेत, फक्त वार खोडून लिहावे लागतील. अठ्ठावीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. रोज पाण्याची पातळी लिहिली, स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. आता निवृत्त आहे (ऐच्छिक. कोणी काढलेलं नाही). संकल्प: रोज पाच ओळी. चहात साखर बंद. आणि वाघूर धरणाच्या बॅकवॉटरला आजपासून दिव्यांगांसाठी शिडाच्या होडीचं शिबिर सुरू होतंय, त्याची धुरा आपल्या खांद्यावर घेणे. जळगाव जिल्ह्यात पाणी कळणारा माणूस दुसरा आहे कोण?

संध्याकाळी ६.३०

धुरा अजून अधिकृतपणे मिळालेली नाही. पण भूषण सर मला म्हणाले, काका, त्या खुर्च्या जरा सावलीत घ्या. म्हणजे जबाबदारी टाकायला सुरुवात झाली. भूषण सर शिबिराचे प्रशिक्षक. धुळ्याचे, नौदलात होते, डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम बसवलेला. बोलतात कमी. अशा माणसाला माझ्यासारखा बोलणारा लागतोच.

होडी पाहिली. बुटकी. शेजारी शेजारी दोन सीटा, आरामखुर्चीसारख्या, मधे एक दांडी. दांडी ढकलू तिकडे होडी वळते. पायांचं कामच नाही. पोटाखाली पाण्यात शिशाची जड पट्टी आहे, त्यामुळे होडी उलटत नाही. मी विचारलं, अजिबात नाही? अजिबात नाही, म्हणाले. वारा वेडावाकडा सुटला तर? कलेल आणि परत सरळ होईल. दोघांतला एक जण घाबरून भलतीकडे गेला तर? तिसऱ्यांदा विचारल्यावर ते उठले आणि स्वतःच होडीच्या कडेला लोंबकळले. होडी कलली, ते सुटले, होडी सरळ झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत, हातात खुर्ची होती. घसा कोरडा पडला होता. ऊन फार.

८ जून, रविवार

स्वयंसेवकांनी आज होडीत बसून पाहायचं होतं. मी बसलो नाही. रात्री पोट बिघडलं होतं, आणि मोठ्या माणसाने आधी काठावरून पूर्ण चित्र पाहायला हवं. बाकी सात जण बसले. त्यात एक बाई साठीच्या होत्या. त्यांना काही कळत नाही, म्हणून भीती नाही.

शिट्टी विकत घेतली. वाजवली. भूषण सरांनी ठेवून द्यायला सांगितली.

११ जून, बुधवार

वनाचा बुधवारचा फोन आला. वना माझा थोरला भाऊ. सुरतला असतो, साड्यांच्या साच्यावर, म्हणजे मागावर. चोपन्न वर्षांचा आहे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक, काखेत काठी. सदतीस वर्षांपूर्वी अमळनेरहून पॅसेंजरमध्ये बसून गेला तो गेलाच. रजा मिळत नाही. मायशी सात मिनिटं बोलला. माय खूश. दोन भाकरी खाल्ल्या.

वनाने शिबिराबद्दल विचारलं नाही. त्याला काय माहीत असणार.

चहात साखर अर्धा चमचा. बंद करणं शरीराला बरं नाही.

१५ जून, रविवार

जोड्या लावल्या. प्रत्येक शिकाऊ माणसाबरोबर एक सहनाविक. माझ्या वाट्याला चेलना. सव्वीस वर्षांची, आमच्या गोलाणी मार्केटातल्या लखीचंद शेठ कापडवाल्यांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी हायवेला अपघात, कमरेखाली संवेदना नाही. व्हीलचेअरवरून झोळीत बसवून तिला होडीत उतरवतात. मी सूचना देत होतो. ती म्हणाली, काका, तुम्ही बोलता तेव्हा मला वारा ऐकू येत नाही. थट्टेखोर आहे.

तिला नोव्हेंबरात मुंबईच्या स्पर्धेला जायचंय. जिल्ह्यातून एकच नाव जाणार. निवड चाचणी २७ जुलैला. अट अशी, की तोवर नेमलेल्या सहनाविकाबरोबर दहा तास पाण्यावर झाले पाहिजेत आणि ते लॉगबुकात लिहिलेले पाहिजेत. लॉगबुक मी माझ्याकडे घेतलं. मुलगी नशीबवान, नोंदी ठेवणारा माणूस मिळाला.

आज पाठीत उसण भरली होती. म्हणून ती दुसऱ्या स्वयंसेवकाबरोबर एक चक्कर मारून आली. मी काठावरून लक्ष ठेवलं. लक्ष ठेवणं म्हणजे सोबतच की. लॉगबुकात लिहिलं: सहनाविक जीवराम, दोन तास.

(खात्यात सुद्धा प्रत्येक वेळी पाणी मोजायच्या पट्टीपर्यंत कोण जायचं? घरी बसून पाणी किती असेल ते कळायचं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही बोभाटा झाला नाही.)

२२ जून, रविवार

लॉगबुक: दोन तास. मी काठावर. चप्पल तुटली होती.

एक किरकोळ गोष्ट. जेटीच्या उजव्या अंगाला ओला चिखल आहे. तिथे एक पाऊल आणि शेजारी एक गोल ठसा. पुन्हा पाऊल, पुन्हा गोल. पाण्यातून वर आलेले. परत गेलेले नाहीत.

शिबिरात काठीवाले चौघे आहेत. त्यांच्यापैकी कोणी असेल. चौघांच्याही काठीला खाली रबर आहे, त्याच्या तळाला जाळीची नक्षी असते. हा ठसा साधा, लाकडाचा. पण चिखल काय, पसरतो.

ठसे चपलेने पुसले. दुसरी चप्पल होती.

२९ जून, रविवार

शिबिरात ज्ञानेश्वर म्हणून एक आहे. एरंडोलचा, जन्मापासून अंध, बँकेत टेलिफोनवर. वारा गालावर घेऊन होडी चालवतो, डोळसांपेक्षा सरळ. आज चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, काका, तुमच्याबरोबर कोण असतं? मी म्हणालो, कोणी नाही. तो म्हणाला, मग तुम्ही बाकावर नेहमी एका कडेला का बसता? आणि हळू आवाजात सरक, सरक कोणाला म्हणता?

आंधळ्या माणसांना कान फार असतात, त्यामुळे नसलेलंही ऐकू येतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो हो म्हणाला आणि उठताना माझ्या उजवीकडच्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला.

व्हिजिटिंग कार्ड छापायला दिली. 'मानद मुख्य समन्वयक, खान्देश शीडनौका चळवळ.' शंभर. आगाऊ असू द्यावीत.

लॉगबुक: दोन तास. एकूण सहा.

२ जुलै, बुधवार

माय सकाळपासून म्हणतेय, वनाना फोन उना नही. खरं आहे. शिबिराच्या धावपळीत करायचा राहिला.

यायचा राहिला. वनाकडून.

दुपारी आला. नऊ मिनिटं. तिने विचारलं, कवय येस रे? तो म्हणाला, शेठ सुटी देस नही. गच्चीवर ऊन फार होतं, रुमाल ओला झाला.

६ जुलै, रविवार. ऐतिहासिक दिवस

आज होडीत बसलो!

होडी जेटीला दोन दोरांनी बांधलेली होती, हे खरं. पण होती पाण्यावरच. डावीकडच्या सीटवर बसलो. चार मिनिटं. लाइफ जॅकेटची चारही बकलं लावून.

बसण्याआधी एक पाहिलं. होडी रिकामी, दोर सैल, वारा नाही, आणि तरी ती उजवीकडे कललेली. एखादा बारीक माणूस बसला असावा इतकीच. मी डावीकडे बसल्यावर ती सरळ झाली.

माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. मी बसल्यावर डावीकडे पार झुकायला हवी होती.

भूषण सरांना विचारलं. ते म्हणाले, पोटात पाणी शिरलं असेल. झाकण उघडून बघितलं. कोरडं होतं. त्यांनी झाकण परत लावलं. शास्त्रीय कारण असणारच. वाचन वाढवायला हवं.

सुलक्षणाला (बायको) सांगितलं, आज होडीत बसलो. ती भाजी चिरत होती. म्हणाली, तुम्ही? आणि सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी तिला कधी नदीवर नेलं नाही. नाशिकला गेलो तर रामकुंडावर पण तीच एकटी उतरली होती.

१३ जुलै, रविवार

लॉगबुक: दोन तास. एकूण आठ. चेलनाने वही मागितली. म्हणालो, घरी राहिली. तिने विचारलं, काका, तुम्ही माझ्याबरोबर कधी येणार? पुढच्या रविवारी नक्की, असं मी म्हणालो. ती म्हणाली, हे पाचव्यांदा. मोजत असते. मारवाड्याचीच पोर.

मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, घरात मला सगळे उचलून ठेवतात, काका. गाडीत ठेवतात, जेवायला ठेवतात, लग्नात एका कोपऱ्यात ठेवतात. पाण्यावर मी जाते. तुम्ही माझं जाणं घालवू नका.

मी म्हणालो, बेटा, जीवराम शब्द देतो तो पाळतो.

कार्डं आली. 'शीडनौका'चं 'शिडनौका' छापलंय. तरी चालतील.

२० जुलै, रविवार

गेलो. खरोखर गेलो. दांडी तिच्या उजव्या हाताला हवी म्हणून तिला डावीकडे उतरवलं. मला उजवी सीट मिळाली. मी म्हणालो, उजवीकडे नको. का, म्हणून तिने विचारलं. बसलो.

पहिली दहा मिनिटं ठीक. डोळे मिटले होते. पाणी होडीच्या अंगाला थापटत होतं, आणि ती अधूनमधून सांगत होती, आता वळतोय, आता शीड सोडतेय. तिचा आवाज मोठ्या माणसासारखा येत होता आणि मला तो बरा वाटत होता.

मग धरणाच्या भिंतीकडून वारा आला. होडी कलली. माझ्या बाजूने. पाणी माझ्या कोपराला लागलं आणि मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. चेलना सांगते त्याप्रमाणे मी तिच्या अंगावर पडलो, तिचा हात दांडीवरून ओढून काढला आणि ओरडलो, वना, सोड मला!

होडी उलटली नाही. आम्ही दोघं एका कडेला आणि तरी उलटली नाही. कलली तशी परत आली. दांडी मोकळी सुटल्यावर वाऱ्याकडे तोंड करून आपोआप उभी राहिली, शीड फडफडत.

चेलनाने माझी बोटं एकेक करून तिच्या हातावरून सोडवली. वळ उठले होते. तिने विचारलं, वना कोण? मी म्हणालो, भाऊ. सुरतला असतो. तिने दांडी परत हातात घेतली. मग म्हणाली, काका, सुरतला असलेल्या माणसाला कोणी असं ओरडत नाही.

लॉगबुक: बावीस मिनिटं. खरी. चेलनाने वही मागितली, या वेळी दिली.

२१ जुलै, सोमवार. पहाटे

वना सुरतला आहे.

वना सुरतला नाही. वना कधीच सुरतला गेला नाही.

एकदाच लिहितो. ही डायरी कोणी वाचणार नाही. श्रावण, १९८८. आमचं गाव तापीकाठी, अमळनेरच्या वरच्या अंगाला. मी चौदा, वना सतरा. केळीची चार खोडं सुंभाने बांधून मी तराफा केला होता. वनाला मीच म्हणालो, चल. तो लगेच तयार. पानीमा मी लंगडा नही, म्हणायचा. काठी काठावर ठेवली आणि माझ्या उजवीकडे बसला. मधे गेल्यावर सुंभ सुटला. खोडं फाकली. वनाने माझा दंड धरला. मी तो सोडवला. एकेक बोट करून नाही. दातांनी.

आणि पोहत आलो. मागे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा खोडं तेवढी दिसली, दूर, निम्म्या नदीत.

मी मारलं नाही. पण मी सोडवून घेतलं. या दोन वाक्यांत फरक आहे असं मी सदतीस वर्षं धरून चाललोय.

काठी काठावर होती. ती तशीच राहिली असती तर सगळ्यांना कळलं असतं. मी ती पाण्यात फेकली आणि घरी जाऊन सांगितलं, वना पॅसेंजरने सुरतला गेला. आमच्याकडून सुरतला कोण जात नाही? दर घरातला एक जण गेलेला. बठ्ठास्नी पटलं, सगळ्यांना. आबा (वडील) दोनदा सुरतला जाऊन आले. प्रत्येक साच्याच्या कारखान्यात लंगडा पोरगा आहे का विचारत हिंडले. मी त्यांना कारखान्यांची यादी करून दिली होती. यादी मीच, सुवाच्य अक्षरात.

नंतर पत्रं. मायला वाचता येत नाही, पत्र वाचून मीच दाखवायचो. तरी लिहिताना डाव्या हाताने लिहायचो, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. मग मोबाइल आला. दुसरं सिम, रुमाल, गच्ची. आवाज मात्र सतराच वर्षांचा निघतो. चोपन्नचा वना कसा बोलला असता, ते मला माहीत नाही.

आणि आता हे लोक सांगतात की न उलटणारी होडी असते. पाय लागतच नाहीत. शिशाची पट्टी बसवली की झालं. हे त्या दिवशी कुठे होतं?

सकाळचा चहा तीन चमचे साखर घालून घेतला.

२३ जुलै, बुधवार

भूषण सरांचा फोन. चेलनाने लॉगबुक स्वतः त्यांच्याकडे नेऊन दिलं आणि सांगितलं, आठ तास खोटे आहेत, बावीस मिनिटं खरी. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी म्हणालो, सर, काठावरून देखरेख हाही सहभागच असतो. ते म्हणाले, काका, समुद्रावर असं लॉगबुक लिहिणाऱ्यामुळे माणसं मरतात.

मी म्हणणार होतो, इथे कोणी मेलं नाही.

चार दिवसांत दहा तास होणं शक्य नाही. आता एकच वाट उरली. २७ तारखेला तिने एकटीने होडी काढायची, तीन खांबांना वळसा घालून परत आणायची. एकटीने करून दाखवलं तर सहनाविकाची अट लागत नाही. शिबिरात अजून एकटं कोणी गेलेलं नाही.

लखीचंद शेठना हे कळलं तर ते तिला घराबाहेर पडू देणार नाहीत. मी त्यांना कळवावं का? जबाबदार माणूस म्हणून? फोन हातात घेतला. मग ठेवला. माझी जबाबदारी मला आता ओळखू येत नाही.

२७ जुलै, रविवार

ढग, वारा बऱ्यापैकी. जिल्ह्याचे साहेब आले. भाषणात त्यांनी सगळ्या स्वयंसेवकांचे आभार मानले. नाव विचारल्यावर कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलं, हे काठावरचे काका. टाळ्या झाल्या. खिशातली कार्डं काढली नाहीत.

चेलनाला झोळीतून उतरवत होते. मी जवळ गेलो आणि सांगितलं. सगळं. तराफा, दंड, काठी. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने बोललो आणि दोन मिनिटं पण लागली नाहीत. सदतीस वर्षांची गोष्ट एवढीशीच निघाली. मी म्हणालो, बेटा, तू जाऊ नकोस.

तिने लाइफ जॅकेटचं बकल लावलं. म्हणाली, काका, हे तुमच्या आईला सांगायचंय, मला नाही. आणि म्हणाली, तुमच्या भावाला पाण्यात जायचं होतं. ते त्याचं होतं. तेवढं तरी त्याच्याकडे राहू द्या.

गेली. उजवी सीट रिकामी. पहिला खांब, दुसरा खांब. दुसऱ्यानंतर वारा आडवा आला, होडी कलली, आणि काठावर मी एकटाच खाली बसलो, दोन्ही हात कानांवर. ज्ञानेश्वर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला काहीच दिसत नव्हतं आणि तोच मला सांगत होता, सरळ झाली काका, शीड भरल्याचा आवाज आला. आता वळली. आता येतेय.

एकोणीस मिनिटं. निवड झाली. मुंबईला जाणार.

मला रडू आलं. ऊन नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. आज नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायचे. आमच्याकडे घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं, बाहेर द्यायचं नाही, उरू द्यायचं नाही. माय दर वर्षी स्वतः मोजते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, हात थरथरतो, तरी दुसऱ्याला मोजू देत नाही. मुलगी नरडाण्याला सासरी, मुलगा नाही. म्हणजे पुरुष मी एकटा. माय दोन वेळा मोजते.

माझे मोजून झाले. ती पुटपुटली, हाई वनानं, आणि हात पोत्यात घातला. मी तिचं मनगट धरलं. म्हणालो, माय, वनाचे नको. सुलक्षणा दारात उभी होती. तिच्यासमोरच सांगितलं. वना बुडाला. मी त्याला सोडून आलो. तो सुरतला गेलाच नाही. फोन मी करतो.

वाटलं होतं, माय आकांत करेल. किंवा मला मारेल. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. पाणी आणून ठेवलं होतं, बीपीची गोळी खिशात.

तिने मनगट सोडवून घेतलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं बांध कोरणाऱ्या भाऊबंदाकडे पाहतात. म्हणाली, सातबारावरथून त्यानं नाव काढानं शे का तुले? मी म्हणालो, माय, जमिनीचा काय संबंध? ती म्हणाली, लंगडा भाऊना वाटा खावाले बठना तू. आठ दिन नही झायात, मी त्यानासंगे बोलनू, आणि तू त्याले मारी टाकस?

मी फोन काढला, दुसरं सिम दाखवलं, रुमाल दाखवला. तिथेच, तिच्यासमोर, वनाच्या आवाजात बोलून दाखवलं. ती म्हणाली, भाऊनी नक्कल कऱ्हस, लाज नही वाटस?

तिने वनाचे सव्वा मूठ गहू मोजले. चिमूटभर जास्तच घातले.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. घरात पाहुणे, गाणी, पुरणाचा वास. माय माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या कमलबाईंना सांगत होती, मन्हा धाकलाना डोकावर परिनाम झाया, पानीवर जास ना रोज.

सुलक्षणाने मला जवळ घेतलं नाही की दूर केलं नाही. फक्त रात्रीच्या अंथरुणात माझा दंड चाचपून पाहिला, जिथे वनाने धरला होता तिथे. मी तिला जागा दाखवली नव्हती.

मायने निरोप पाठवला. उद्या विसर्जन झाल्यावर वनाला फोन करायला सांगायचं. त्याना तोंडतून आयकसू, मंग मानसू.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३.२०

विसर्जन आटोपलं. मी काठावर थांबलो होतो.

गच्चीवर जाताना पक्कं ठरवलं होतं. वनाच्याच तोंडून ऐकायचंय ना, मग त्याच्याच तोंडून सांगायचं. वाक्य पाठ केलं: माय, जीवा खरं सांगस, मी नही शे. पायऱ्या चढताना सात वेळा म्हणून पाहिलं. आवाज लागला होता. रुमाल न घेता गेलो.

तिने पहिल्याच रिंगला उचलला. मी तोंड उघडायच्या आत विचारलं, जेवना का रे?

जेवनू माय, असं माझ्या तोंडून निघालं.

मग तिने विचारलं, जीवा काय काय सांगस, तू बुडना म्हने? तिचा आवाज लहान झाला होता. इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. ती श्वास धरून थांबली होती, आणि मी हसलो. वनाचं हसणं. सदतीस वर्षांत मी ते एकदाही काढलं नव्हतं, मला येत नाही असंच वाटायचं. तंतोतंत आलं. म्हणालो, मी कसाले बुडू माय? पानीमा मी लंगडा नही.

तिने श्वास सोडला. आणखी म्हणालो, दिवाळीले येसू. यापूर्वी वनाने कधी तारीख दिली नव्हती.

खाली आलो तर माय पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती. माझ्यावरचा राग गेला होता. सुलक्षणाला म्हणाली, वनाना रोट जीवाले वाढ, उरू देवाना नही.

सुलक्षणाने वाढला. माझा आधीच झाला होता, पोटात जागा नव्हती. शेवटचा घास होईपर्यंत माय समोर बसून होती.